एका नंबरवर चौघं

“स्वप्नाली आहे का?”

एवढंच विचारायचं होतं. शाळा सुटल्यावर तिघी मैत्रिणी नेहमीसारख्या रसवंतीवर थांबल्या होत्या, चरकाला बांधलेली घुंगरं छुमछुम वाजत होती आणि ऋतुजानं आपला मोबाईल स्वप्नालीच्या नाकासमोर धरला होता. पैज अशी, की स्वप्नालीनं आपल्याच दुकानाच्या नंबरवर फोन लावायचा आणि जे कोणी उचलेल त्याला विचारायचं, स्वप्नाली आहे का.

“विचार की,” ऋतुजा म्हणाली. “वर्गात सरांना उलट विचारतीस, इथं काय झालं?”

“घाबरली ती,” शिल्पा रसातला बर्फ चघळत म्हणाली. “तिला वाटून राहिलंय, भूत ‘हाव’ म्हणंल.”

“घाबरतंय माझं पायताण,” स्वप्नालीनं मोबाईल ओढून घेतला. पण नंबर दाबायला बोट काही धजेना.

एरवी ती अशी अडणारी नव्हती. गेल्या वर्षीपर्यंत मात्र ती हजेरीला ‘हजर’ म्हणायची ते पुढच्या बाकालाही ऐकू जायचं नाही. तिला बोलतं केलं ते दुकानाच्या फोननं. निलंग्याच्या बाजारात तिच्या अप्पांचं, म्हणजे मृत्युंजयअप्पांचं, मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची नाहीतर बोअरची मोटार जळाली की लोक ती पिकअपमध्ये घालून इथं आणायचे, आणि औसा रस्त्यावरच्या शेडमध्ये संगमेश्वरकाका तिला नव्यानं तार भरून द्यायचे. दुकानाचा एक नंबर, शेडचा दुसरा, घरचा तिसरा. गिऱ्हाईक तिन्हीकडे विचारणार, तिन्हीकडून वेगळं उत्तर मिळणार, शिवाय तीन रिचार्जचा भुर्दंड.

यावर उपाय शोधला तो स्वप्नालीनंच. आईच्या मोबाईलवर एक व्हिडिओ बघून तिनं असं ॲप घेतलं की नंबर एकच, पण वाजतो सगळ्या फोनवर. जो आधी उचलेल त्याला गिऱ्हाईक, बाकीचे फोन आपोआप गप्प. कोणकोणता फोन जोडलेला आहे ते ॲपमध्ये हिरव्या ठिपक्यांनी दिसायचं: दुकान, शेड, घर.

“एका नंबरवर तिघं कसे बसणार?” अप्पांनी आधी शंका काढली होती. महिनाभरात मात्र ते शेजारच्या दुकानदारांना बोलावून बोलावून हे तीन ठिपके दाखवायला लागले. “पोरीनं केलं हे,” असं वर.

अडचण निराळीच होती. शेडच्या खणखणाटानं अप्पांचे कान अधू झाले होते. डाव्या कानात तर जवळजवळ काहीच शिरायचं नाही. आईचं, महादेवीचं, माहेर तिकडं भोकरजवळच्या खेड्यातलं. अनोळखी माणसाचा आवाज आला की तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. फोन कानाला लावून ती नुसती मान हलवायची. मग शाळेच्या आधी आणि शाळेनंतर फोन उचलायची स्वप्नाली. “शरणार्थी, बोला.” त्यांच्या लिंगायत घरात नमस्काराऐवजी हेच म्हणायची रीत होती, फोन उचलला की आधी शरणार्थी, मग बाकीचं. चिडलेला माणूसही त्यावर जरा नरम व्हायचा. पाचसात महिन्यांत तिला चिडलेली माणसं लई आवडायला लागली होती.

आणि नेमकं तेव्हाच लातूरचं आलं. तिथल्या एका क्लासच्या प्रवेशपरीक्षेत ती पास झाली. अकरावी, बारावी लातूरलाच, राहायला होस्टेल. येणार की नाही ते या शनिवारी रात्रीपर्यंत कळवायचं होतं.

“जा की,” अप्पा म्हणाले होते. “तुला कोण नको म्हणतंय? फक्त फोन कोण उचलणार, तेवढं सांगून जा.”

ते हसत म्हणाले होते. पण नंतर बराच वेळ ते हातातलं बेअरिंग नुसतं फिरवत बसले.

त्याच आठवड्यात औरादकडचा एक शेतकरी भर दुपारी दुकानात येऊन मोटार मागायला लागला. अप्पांनी विचारलं, “झाली म्हणून कोणी सांगितलं?” तो म्हणाला, “तुमच्या पोरीनं. आत्ता फोनवर.” मोटार खरंच झालेली होती, पण स्वप्नाली तर तेव्हा शाळेत होती. अप्पांना वाटलं, आईला वाचा फुटली असेल. आईला वाटलं, काकांनी घेतला असेल.

मग सीमेपलीकडच्या, कर्नाटकातल्या भालकीहून एक म्हातारे आले. वजनकाट्याशेजारी बसून त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, “पोरगी कन्नड लई गोड बोलती हो. माझ्या घरची सगळी चौकशी केली.” स्वप्नाली तिथंच उभी होती. तिला कन्नड येत होतं ते एवढंच: बर्री, कूड्री. या, बसा. त्याच्यापुढं तिची गाडी कधी गेली नव्हती.

त्या संध्याकाळी अप्पांनी ॲप उघडलं. ठिपके चार होते. दुकान, शेड, घर, आणि त्याखाली स्वप्नाली.

तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. दहावी झाल्याशिवाय मिळणारही नव्हता. अप्पांनी तिचं दप्तर ओट्यावर उपडं केलं, कंपासपेटी उघडून बघितली, डब्याची पिशवी झटकली. मग सगळं जसंच्या तसं परत भरायला लागले, ते त्यांना नीट जमेना.

“अप्पा, शप्पथ,” ती म्हणाली. “न्हाई माझ्याकडं.”

“मग हे नाव कोणी घातलं?”

त्यांनी तो चौथा ठिपका काढून टाकला. सकाळी तो परत तिथं होता.

रविवारी त्यांनी तिन्ही फोन आणून दुकानाच्या काउंटरवर ओळीनं मांडले. आईलाही बोलावून घेतलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, आत वॉर्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास. काका बाहेर रस्त्यावर लिंबाखाली उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावला. तिन्ही फोन वाजायला लागले, काउंटरवर थरथरत एकमेकांकडे सरकायला लागले. कोणी हात लावला नाही.

मग तिन्ही एकदम थांबले.

शटरखालून काका दिसत होते. त्यांचे ओठ हलत होते. एकदा तर ते हसलेसुद्धा.

आत आल्यावर अप्पांनी विचारलं, “कोण बोललं?”

“हीच की,” काकांनी स्वप्नालीकडं बोट केलं. मग ते बोट तसंच राहिलं. “जेवलात का काका, म्हणाली.”

अप्पांनी शटर वर केलं आणि फोन जागच्या जागी नेऊन ठेवले. त्या दिवसानंतर त्यांनी चौथा ठिपका काढला नाही. तिच्या दप्तरालाही हात लावला नाही. उलट जाता-येता तिच्या डोक्यावर उगाच हात ठेवायला लागले.

हे सगळं स्वप्नालीनं मैत्रिणींना रंगवून सांगितलं होतं, आणि त्याचीच ही पैज झाली होती. आज शनिवार होता.

तिनं नंबर दाबला. स्पीकर चालू ठेवला.

रिंग फार वाजलीच नाही.

“शरणार्थी, बोला.”

शिल्पा हसायच्या बेतात होती ती तशीच राहिली. “तुझाच आवाज हाय गं,” ती हळूच म्हणाली.

तिचाच होता. जरासा जाड. दिवसभर बोलून घसा बसला की होतो तसा.

“स्वप्नाली आहे का?” स्वप्नालीनं विचारलं.

पलीकडं थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला. घरातल्या आतल्या खोलीतला पंखा, फिरताना एका ठिकाणी अडखळणारा.

“मीच की,” आवाज म्हणाला. मग जरा थांबून, “ती घुंगरं वाजून राहिली का? रसवंतीची?”

“हाव.”

“लई वर्षांनी ऐकली.”

ऋतुजानं मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला. “ठेव ते. बास झालं.” पण स्वप्नालीनं स्पीकर बंद करून मोबाईल कानाला लावला आणि ती सायकलींच्या पलीकडं जाऊन उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. पळून जावंसं वाटत नव्हतं, आणि याचंच तिला नवल वाटलं.

“तू लातूरला गेली न्हाईस?” तिनं विचारलं.

“कोणीतरी घरी पायजे होतं की.”

त्यात रडणं नव्हतं, राग नव्हता. मोटार उद्या मिळंल, असं गिऱ्हाइकाला सांगावं तसं ते सरळ होतं.

“मग तिथं बरं वाटतं का तुला?”

“आई हाय की,” आवाज म्हणाला. “आणि अप्पांना आता माझंच तेवढं ऐकू येतं.”

पलीकडं बांगड्या वाजल्या. त्या बांगड्या तिनं कुठंही ओळखल्या असत्या. आणि मग लांबून, दारातून यावा तसा, आईचा आवाज आला.

“स्वप्ना, कोणाचा गं?”

“चुकून लागला, आई,” आवाज तिकडं म्हणाला.

फोन बंद झाला.

मोबाईल ऋतुजाच्या हातात कोंबून ती निघाली ती एस.टी. स्टँडवरून, बाजारातून, धापा टाकत घरापर्यंत. आई उंबऱ्यात मेथी निवडत बसली होती. घरचा फोन तिच्या मांडीवर होता. तिनं स्वप्नालीकडं बघितलं, मग मागं वळून आतल्या खोलीच्या दाराकडं बघितलं, मग पुन्हा स्वप्नालीकडं.

“आत्ता तर आत बोलत होतीस.”

“मी रसवंतीवर होते, आई.”

“हाव,” आई म्हणाली. तिनं मेथीची एक काडी खुडली. “दुपारचं असतं गं रोज. तू बोलून राहतीस आत. मला बरं वाटतं. घर कसं भरलेलं वाटतं.”

“तू आत जाऊन बघितलं न्हाईस?”

“न्हाई.”

“का?”

आईनं निवडलेली पानं टोपलीत सारली. “बघितलं अन् थांबलं तर?” ती म्हणाली.

स्वप्नाली आत गेली. खोलीत कोणी नव्हतं. पंखा फिरत होता, एका ठिकाणी अडखळत होता. खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा कप होता, अर्धा प्यायलेला. तिनं हात लावला. कप गरम होता.

ती तिथंच खाली बसली. खिडकीतून गल्ली दिसत होती, समोरच्या घरावरचं वाळवण दिसत होतं. तिनं कप उचलला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

“साखर कमी का घातलीस?” तिनं आतूनच विचारलं.

“तूच सांगितलंस की,” उंबऱ्यातून आई म्हणाली. “हल्ली जास्त चालत न्हाई म्हणून. दारातूनच सरकवते मी कप.”

दिवे लागायच्या वेळी अप्पा आले. हातपाय धुऊन, कपाळाला विभूती लावून ते सोप्यात बसले. आईनं ताटं घेतली. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तो हातातच धरून ठेवला.

“मग?” ते म्हणाले. “क्लासला काय कळवायचं?”

स्वप्नाली उठली आणि त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन बसली. दुपारपासून तिनं एकच गोष्ट उलटसुलट करून बघितली होती. आपण राहिलो, तर आत बसून कोणाच्या तरी फोनमधून घुंगरांचा आवाज ऐकणारी ती आपणच. आपण गेलो, तर ती कुठं जाईल, ते तिला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. आणि आई एकटी पडेल.

“मी जाणार, अप्पा,” ती म्हणाली. “लातूरला जाणार. क्लासला हो कळवा.”

अप्पांनी मान हलवली. त्यांनी फोनचं विचारलं नाही.

त्याच वेळी फोन वाजला. आईच्या शेजारचा आणि अप्पांच्या खिशातला, दोन्ही बरोबर. तिघांपैकी कोणी हललं नाही. दोन्ही फोन थांबले. आतल्या खोलीत कोणीतरी अगदी हळू बोलायला लागलं, बाहेर जेवणं चालली आहेत याची जाणीव ठेवून बोलावं तसं.

आईनं पदर तोंडाला लावला. ती भ्यालेली दिसत नव्हती.

“आणि आई,” स्वप्नाली म्हणाली, “मी गेल्यावर माझं अंथरूण गुंडाळून ठेवू नको. रोज रात्री आतल्या खोलीत घालत जा.”