जे यंत्र उठले नाही

सर्व्हरच्या खोलीतील त्या बोचऱ्या गारठ्यात उबेची एकच जागा होती: शेवटच्या कपाटामागे, जिथे यंत्रांचा तप्त उच्छ्वास बाहेर पडे. रुग्णालयाच्या संगणक विभागातली, कामाने पार गळून गेलेली ती त्या दुपारी तिथे टेकायला गेली, तर एक अनोळखी तरुण आधीच हात शेकत बसला होता.

"जागा तुमची दिसते," तो उठू लागला.

"बसा. अर्धी पुरेल मला." तिच्यात भांडण्याचेही त्राण नव्हते.

तो एका सॉफ्टवेअर कंपनीने चाचणीसाठी पाठवलेला अभियंता निघाला. रुग्णालयाचा अवघा कारभार, नोंदणीपासून रक्ततपासणीपर्यंत, मोजक्या सर्व्हरांवर आभासी यंत्रांच्या, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात चालणाऱ्या अनेक संगणकांच्या, रूपाने नांदत होता. त्या यंत्रांना सांभाळणारी जुनी प्रणाली बदलायची होती. नवी कोणती, हे तिच्या अहवालावर ठरणार होते. त्याच्या कंपनीची निवड झाली, तर तो वर्षभर इथेच राहणार होता. नाही तर चाचणी संपताच परत.

बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला विभागात सगळे जावईबापू म्हणत. जावईबापूंची सरबराई नीट चालली आहे ना, असे तिचे वरिष्ठ मुद्दाम तिलाच विचारत. ती थकलेले हसे.

रात्री फोन बंद करून शेवटचे कधी झोपलात, असे त्याने एकदा विचारले. फोन उशीवरच असतो, रात्री काही बंद पडले तर मलाच धावावे लागते, ती म्हणाली.

"भाग्यवान आहे फोन…" तो बोलून गेला, आणि मग दिवसभर त्याने तिच्याकडे पाहिलेच नाही.

शेवटची चाचणी यंत्रांच्या प्रतींवर होती. एका सर्व्हरची वीज अचानक तोडायची. त्यावरची सारी यंत्रे दुसऱ्यावर आपोआप उठायला हवीत. त्याने वायर उपसली. पडद्यावर एकेक हिरवा ठिपका उगवत गेला… रक्ततपासणीचे जुने यंत्र तेवढे उठले नाही. पुन्हा केले, पुन्हा तेच. त्याने स्वतः चालू केले, तेव्हा ते निमूट उठले.

"हाताने उठतं की," ती हळूच म्हणाली. "मी… एवढंच लिहिलं तर?"

त्याने उपसलेली वायर परत जोडली.

"आणि अपरात्री ते उठवायला कोण धावणार?"

तिचा हात नकळत फोनकडे गेला.

"तुम्हीच ना," तो म्हणाला. "मला इथे राहायचंय… फार राहायचंय. पण तुमची झोप मोडून नको. उठलं नाही, असंच लिहा."

तिने तसेच लिहिले. निवड दुसऱ्या कंपनीची झाली.

निघण्याच्या संध्याकाळी खोक्यांनी भरलेली ढकलगाडी दोघांनी मिळून फाटकापर्यंत नेली. हात शेजारी होते. कुणी ते दूर केले नाहीत.

"पुन्हा आलो," तो म्हणाला, "तर फाटकावर काय सांगू? आता इथे माझं काही कामच उरलं नाही."

दमलेल्या डोळ्यांनी ती त्याच्याकडे पाहत राहिली. या वेळी त्यानेही नजर चोरली नाही.

"काम नाही, म्हणा," ती म्हणाली. "माझ्याकडे आलोय, म्हणा."