बाहेर बघा

उड्डाण क्लबच्या फ्रीजमध्ये, पाण्याच्या दोन बाटल्यांच्या आधाराने, एक मोबाइल फोन उभा होता. पाणी प्यायला आलेला तरुण तो हातात घेऊन बघतच राहिला. फोन कुठेही विसरणारी माणसे त्याने पुष्कळ पाहिली होती; इतक्या नीटनेटकेपणाने विसरणारे माणूस त्याला भेटले नव्हते.

"ठेवा तो आत," मागून एका तरुणीचा आवाज आला. "तापलाय."

"आत ठेवलात तर थंड होईल, पण आतून दव धरेल. मग वाळवावा लागेल," तो म्हणाला.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ती औषधांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती आणि गोळ्यांना दमट हवा लागू नये, हे पाहण्याचाच तिला पगार मिळत असे. तिने फोन घेतला.

त्या दिवशी तिचे डोके ठिकाणावर नव्हते, याला कारण होते. ती नुकतीच खासगी वैमानिकाच्या परीक्षेत नापास होऊन आली होती. कॉकपिटच्या काचेखाली लावलेला फोन भर उन्हात तापून बंद पडला. त्याबरोबर वैमानिकांच्या अ‍ॅपमधला नकाशा गेला, आणि "आपण आत्ता कुठे आहोत?" या परीक्षकांच्या प्रश्नाला तिला एकच प्रामाणिक उत्तर सुचले होते — "हवेत." आता एकच संधी उरली होती. तीही हुकली, तर क्लबच्या नियमाप्रमाणे सगळे प्रशिक्षण पहिल्यापासून. आणि तेवढी रजा कारखाना तिला या जन्मी देणार नव्हता.

"दोष माझा आहेच," ती म्हणाली. "पण ते अ‍ॅपही धन्य आहे. विमान हादरत असतं आणि त्यातलं 'होय'चं बटण तिळाएवढं. माझा अंगठा दर वेळी शेजारच्या 'नाही'वर पडतो. ज्यानं कुणी हे बनवलंय, तो छोट्या विमानात कधी बसलेला नाही."

"खरंय. नाही बसलोय."

"तुमचं नाही विचारत मी..." ती थांबली. "तुम्ही?"

"मीच. ते अ‍ॅप माझं आहे."

वैमानिकांचे वारे, नकाशे आणि वजनाचा तोल सांभाळणाऱ्या माणसाने कधी जमीन सोडलेली नाही, हे तिला इतके अशास्त्रीय वाटले की रागवायचेही राहून गेले.

"का नाही बसलात?"

"भीती वाटते," तो म्हणाला. हे त्याने अगदी साधेपणाने सांगितले.

त्यानंतर दर रविवारी तो धावपट्टीवर दिसू लागला. तिला विमान शिकवणारे तिचे सख्खे मामा होते आणि तिच्यामुळे सगळा क्लब त्यांना मामाच म्हणे. शेतांवर औषध फवारणारी विमाने चालवण्यात त्यांचा उमेदीचा काळ गेला होता. फोन ही वस्तू बायकोला "पोचलो" असे सांगण्यापुरतीच असते, या मतावर ते ठाम होते.

"हा अ‍ॅपवाला फार येतो हल्ली," मामा म्हणाले. "विमानात बसत तर नाही."

"सुधारणा करतोय तो, मामा."

"कुणात?"

"अ‍ॅपमध्ये."

"पुरावा?" मामांनी विचारले. प्रत्येक गोष्टीला पुरावा मागण्याची सवय मूळ तिची. क्लबात तिचे नावच 'पुरावा मॅडम' पडले होते, आणि मामा ते शस्त्र तिच्यावरच उलटवण्याची संधी सहसा सोडत नसत.

पुरावा होता. 'होय'चे बटण आता अंगठ्याएवढे झाले होते. त्यापेक्षा मोठे काम फोनच्या तापण्याचे होते. फोन बंद पडण्याआधीच अ‍ॅपने ते ओळखावे, शेवटचे ठिकाण आणि दिशा हेडफोनमध्ये बोलून सांगावी, आणि मग गप्प बसावे, अशी त्याची कल्पना होती.

"पण 'आधी' म्हणजे नेमकं कधी?" तिने विचारले. "अंदाज नको. मोजून सांगा."

म्हणून एका रविवारी दुपारी ती कारखान्यातून तापमापक घेऊन आली. त्याचा एक जुना फोन त्यांनी मोटारीच्या बॉनेटवर उन्हात ठेवला आणि विमाने ठेवायच्या हँगरच्या सावलीत दोन खुर्च्या ओढून तो तापण्याची वाट पाहत बसले. हवेत पेट्रोलचा आणि तापल्या डांबराचा वास होता. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मरगळून लोंबत होती.

"लोक सिनेमाला जातात," तो म्हणाला.

"लोकांना तिथे आकडे मिळत नाहीत."

"कधी गेलात तर... मला सांगाल?"

"तापमान बघा."

त्याने तापमान पाहिले. तिने मात्र त्याच्याकडे पाहिले — उन्हाने बारीक झालेले डोळे, कपाळावर चिकटलेली केसांची बट, आणि फोनकडे लावलेले ते लक्ष. दुधावर नजर ठेवणारी माणसे अशी दिसतात, असे तिच्या मनात आले आणि कारण नसताना तिला हसू फुटले. तेवढ्यात फोन बंद पडला. नेमके शेवटचे तापमान दोघांपैकी कोणीच पाहिले नव्हते. कारण त्या क्षणी तोही तिच्याकडेच बघत होता.

"पुन्हा करावा लागेल प्रयोग," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खेद मुळीच नव्हता.

प्रयोग पुन्हा झाला, आणि नंतरही होत राहिला. विज्ञानाला खरोखर लागत होता त्याहून थोडा अधिकच.

"पास झाले तर पहिले प्रवासी तुम्ही," परीक्षेआधी ती म्हणाली.

तो पांढरा पडला. "आणि... नाही झालात तर?"

"तर तुम्ही सुटलात."

"मग देवाला काय मागू, तेच कळत नाही."

"काही मागू नका. त्याचा परिणाम होतो याला पुरावा नाही."

परीक्षेच्या दिवशी आकाश निरभ्र होते. म्हणजे ऊन मागच्या वेळेपेक्षा कडक होते. परीक्षक तेच. त्यांचा चेहरा बंद दुकानासारखा होता. विमान वर चढले, वळले, डोंगरांच्या रांगेला समांतर निघाले. फोन काचेखाली होता आणि तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे ओढली जात होती. बोटे विमान वळवायच्या दांड्यावर गच्च आवळली होती.

आणि कानात आवाज आला. यंत्राचा नव्हे, अ‍ॅपवाल्याचा. "फोन तापतोय. गाव मागे, डाव्या हाताला. विमानाचं नाक पूर्वेला. आता मला खिशात टाका, आणि बाहेर बघा."

तिने फोन खिशात टाकला. बाहेर पाहिले.

बाहेर सगळे होते. नदीचे वळण, त्यावरचा लोखंडी पूल, वीटभट्टीची उंच चिमणी, आणि पिवळ्या शेतांमधून सरळ गेलेला कालवा. मागच्या वेळीही हे सगळे इथेच असले पाहिजे. तिने मान वर करून पाहिले नव्हते, इतकेच. तिची बोटे सैल झाली.

"हसताय कशाला?" परीक्षकांनी विचारले.

"काही नाही, सर. फोन म्हणाला, बाहेर बघा."

"फोनला अक्कल आहे म्हणायची. आपण आत्ता कुठे आहोत?"

तिने काचेवर बोट टेकवले. "तो पूल आणि ती चिमणी, यांच्या बरोबर मधे. कालव्याच्या काठाने गेलो की धावपट्टी समोर येईल."

कालव्याच्या काठाने ते गेले आणि धावपट्टी समोर आली. चाके जमिनीला अशी टेकली, की टेकली कधी ते परीक्षकांनाही खाली वाकून पाहावे लागले. उतरताना त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि ते बंद दुकान एकदाचे उघडले. "या वेळी हवेत नव्हतात तुम्ही," ते म्हणाले. "पास."

तिला पंख फुटायचे तेवढे बाकी राहिले. मामांनी डोळे पुसले आणि डोळ्यांत धूळ गेल्याचे जाहीर केले. ती मात्र तरातरा अ‍ॅपवाल्याकडे गेली.

"परीक्षेच्या तोंडावर मला न सांगता आवाज बदललात?"

"यंत्राचा आवाज इंजिनाच्या घरघरीत विरून जात होता. मामांनी विमानात बसून तपासलं. परवानगी त्यांचीच."

तिने मामांकडे पाहिले. मामा वाऱ्याच्या पिशवीचे निरीक्षण करू लागले.

परवाना हातात आला त्या रविवारी तिने अ‍ॅपमध्ये विमानातल्या सगळ्यांच्या वजनाचा तोल मांडायला घेतला. "तुमचं वजन?"

त्याने सांगितले. तिने त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि सामान तोलायच्या काट्याकडे बोट केले. काट्याने त्याला उघडे पाडले.

"लग्न ठरवताना लोक वय चोरतात," मामा म्हणाले. "विमानात वजन चोरणारा पहिलाच पाहिला. आणि तोही तोलाचं अ‍ॅप बनवणारा."

विमान उठले तेव्हा त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"बाहेर बघा," तिने हेडफोनमधून सांगितले.

त्याने एक डोळा उघडला, मग दुसरा. खाली नदी चांदीच्या तारेसारखी पडली होती. तो कितीतरी वेळ बघत राहिला... आणि मग तिच्याकडे वळला.

"बाहेर म्हटलं मी. इकडे नाही."

"मला तुम्ही फार आवडता," तो म्हणाला. "इथं हे बोलेन असं वाटलं नव्हतं."

तिने विमान रेसभरही हलू दिले नाही. "भीतीनं नाडी वाढते आणि माणूस त्यालाच प्रेम समजतो. यावर प्रयोग झालेत. खाली उतरल्यावर पुन्हा विचारीन."

विमान उतरून हँगरसमोर थांबले. इंजिन अजून घरघरत होते आणि सगळे कॉकपिट थरथरत होते.

"आता सांगा," ती म्हणाली.

"उत्तर तेच आहे." त्याने मनगट पुढे केले. तिने दोन बोटांनी नाडी पाहिली.

"अजून जलद आहे."

"आता जमिनीवर आहोत. आता भीती नाही... हात तुमचा आहे."

तिने हात काढून घेतला नाही. दुसऱ्या हातातल्या फोनवर अ‍ॅपने उड्डाण संपल्यावरचा नेहमीचा प्रश्न विचारला होता — हा प्रवासी कायम ठेवायचा का?

"बघू, बटण सुधारलंय का," ती म्हणाली, आणि त्या थरथरीत तिचा अंगठा पहिल्याच झटक्यात 'होय'वर पडला.