अनंताच्या फुलावरची बोटं

या, इकडे या बाजूला बसा. डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, तिकडून बोललात तर भिंतीशी बोलल्यासारखं होईल. अनंताचं रोप हवंय ना? हवं ते उचला, फक्त कोपऱ्यातलं ते मोठं झाड मागू नका. त्याची फांदी मी कुणालाच देत नाही. का, ते सांगतो. दिवेलागणीपर्यंत थांबता येईल ना तुम्हाला?

अनंत म्हणजे मोठं नखरेल झाड. बारा महिने हिरवंगार, पण चुन्याचं पाणी मिळालं की पानं पिवळी, कुंडी जरा हलवली की कळ्या गळाल्या. आणि फुलाला बोट लावायचं नाही, देठाला धरून कापायचं. पाकळीला नुसतं बोट टेकलं तरी संध्याकाळपर्यंत तिथे तपकिरी डाग उमटतो, अगदी बोटाच्या आकाराचा. हे मला थोरल्या बाईंनी शिकवलं.

थोरल्या बाई आमच्या शाळेत शिकवायच्या. मीही त्यांच्या हाताखालून गेलोय. माझा हा डावा कान त्यांनी किती वेळा पिळला असेल, त्याला हिशेब नाही. निवृत्त झाल्यावर त्या आणि त्यांची धाकटी बहीण दोघीच घरात राहायच्या, आणि बाग मी बघायचो. पुढे थोरल्या बाईंची उजवी बाजू लुळी पडली. जिभेला मात्र काही झालं नाही. पलंग खिडकीशी, खिडकीखाली अनंत आणि डाव्या हाताशी पितळेची घंटा. घंटा वाजली की धाकट्या बाई हजर. पाणी, उशी, खिडकी, पुन्हा उशी. दिवसातून साठ वेळा. धाकट्या बाईंची झालेली दशा मला दिसत होती, उगाच खोटं का बोलू?

त्या दिवशी मी झाडाची पिवळी पानं काढायला गेलो होतो. सकाळीच एका फुलाला माझा अंगठा लागला आणि थोरल्या बाईंनी खिडकीतून मला झापलं, तेही दूधवाल्यासमोर. "किती वेळा सांगायचं? कान फुटलेत का तुझे?" पन्नाशीचा माणूस मी. दिवसभर आतल्या आत धुमसत होतो.

दुपारी घंटा वाजली. नेहमीसारखी थांबली नाही, वाजतच राहिली. आधी घाईघाईने, मग अडखळत. मी खिडकीपासून हातभर अंतरावर उकिडवा बसलो होतो. नुसता उभा राहिलो असतो तरी आतलं दिसलं असतं. पण मनात म्हटलं, वाजवू दे, बसू दे बोंबलत. आणखी एकदा... दोनदा... आणि घंटा थांबली.

धाकट्या बाईंनी खिडकी ओढून घेतली. ताईला झोप लागली, असं हळूच म्हणाल्या. संध्याकाळी डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. मला ते मानून घेणं सोयीचं होतं, मी मानून घेतलं.

पंधरा दिवसांनी नवा बहर आला. पहिलं फूल उमललं तेच डागाळलेलं. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, कुणाच्या तोंडावर हात दाबावा तशी. करंगळी अर्धीच. दुसरं फूल तसंच, तिसरंही तसंच. मी एक मिटलेली कळी नखाने उकलली. आत, जिथे वारासुद्धा पोचला नव्हता, तिथेही तीच बोटं होती. धाकट्या बाईंची करंगळी लहानपणी दारात सापडून अर्धी तुटली होती.

त्या फुलं न्यायला आल्या आणि बघतच राहिल्या. मग त्यांनी आपला हात उचलून त्या डागांवर धरला. तो तंतोतंत बसला.

"तू ऐकली होतीस ना... घंटा?"

मी मान खाली घातली.

"मग आला का नाहीस? तू नुसता उभा राहिला असतास ना, तरी मी थांबले असते रे..."

त्या रडल्या नाहीत. झाड तोडून टाक म्हणाल्या आणि आत गेल्या. मी ते बुंध्यापासून कापलं, वरून चुना ओतला. अनंताला चुना म्हणजे विषच. तरी आठवड्यात धुमारे फुटले आणि महिन्याभरात खिडकीला लागले. कळी नाही, फूल नाही, पण घरभर वास. धाकट्या बाई नाकाला रुमाल लावून घरात वावरायच्या.

एका संध्याकाळी मी नळावर हत्यारं धूत होतो. थोरल्या बाईंच्या खोलीतून घंटा ऐकू आली. या वेळी मी धावलो. धाकट्या बाई बहिणीच्या पलंगावर पडल्या होत्या, डोळे उघडे, सगळं संपलेलं. तोंडावर तपकिरी डाग होते, अंगठा आणि चार बोटं. करंगळी पूर्ण होती. घंटा तर कपाटात कुलूपबंद निघाली, आणि किल्ली त्यांच्या मुठीत होती. खोलीभर अनंताचा वास कोंदला होता. मी त्यांच्यावर वाकलो, आणि माझ्या डाव्या कानाची पाळी कुणीतरी धरली. गार, कोरडी बोटं... शाळेपासूनच्या ओळखीची.

हा बघा डाग. घासून पाहिला, खरवडून पाहिला, जात नाही. बुंधा मी खणून इथे आणला, कारण तिथे सोडून यायचा धीर झाला नाही. वीस वर्षं त्याला बोट न लावता सांभाळतोय. आता फुलं अगदी स्वच्छ पांढरी येतात.

आणि या कानाने ऐकू येत नाही म्हटलं ना, ते पुरतं खरं नाही. घंटा येते ऐकू. इतकी वर्षं नुसती घाईघाईने वाजायची. तुम्ही आलात तेव्हाही तशीच वाजत होती.

आत्ता मात्र... अडखळायला लागलीय.