सत्तावीस नंबरचा फोटो

जेवून परत आल्यावर अलका डोंगरे यांनी टेबलावरचे फोटो मोजले. एकेचाळीस भरले. सकाळी बेचाळीस होते.

सत्तावीस नंबरची जागा रिकामी होती.

पांढुर्ण्यात नवोदित छायाचित्रकारांच्या स्पर्धेचं परीक्षण चाललं होतं. परीक्षक तिघं. सौसरला स्टुडिओ चालवणाऱ्या अलकाताई, नागपूरच्या एका वर्तमानपत्राचा छायाचित्रकार गौतम, आणि पांढुर्ण्यात तीस वर्षं लग्नाचे फोटो काढणारे यशवंतराव कळंबे. स्पर्धा त्यांनीच भरवली होती. फोटोंवर फक्त नंबर होते. नावं बंद पाकिटांत, पाकिटं पेटीत, आणि पेटीची किल्ली अलकाताईंच्या पर्समध्ये.

सकाळी याच फोटोवरून वाद झाला होता. धुक्यातला मोहगावचा रस्ता. आडवी पडलेली सायकल, डांबरावर विखुरलेली संत्री. सगळं कसं रेखीव, फक्त सायकलचं वरचं चाक धूसर. अलकाताईंनी आणि गौतमने नऊ-नऊ गुण दिले. यशवंतरावांनी दोन. तरीही पहिला नंबर त्याचाच येणार होता. मग तो मोठा करून दारात लागला असता, पेपरातही छापला गेला असता.

अलकाताईंनी ही सायकल ओळखली होती. मयताचे फोटो काढायला पोलीस त्यांनाच बोलावत. तीन आठवड्यांपूर्वी मोहगाव रस्त्यावर गुणवंता नावाच्या म्हाताऱ्या बागवानाला कुठल्याशा गाडीने उडवलं होतं. गाडी सापडली नव्हती. सगळ्यांचे गुण झाले की पाकीट उघडून विचारू, असं त्यांनी सकाळी मनाशी ठरवलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, असं आता वाटून राहिलं.

त्यांनी चहा-पाणी बघणाऱ्या उषाबाईंना बाजूला घेतलं.

"आम्ही जेवत होतो तेव्हा इथं कोण आलं होतं?"

"गौतमसाहेब आले, चार्जर घेऊन गेले. मंग यशवंतभाऊ आले. चष्मा इसरला म्हनत."

"हातात काही होतं कोणाच्या?"

"मी मागं कपं धून राहिली होती ताई. पाह्यलं नाई."

म्हणजे दोघांपैकी कोणीही. अलकाताई टेबलाशी येऊन बसल्या. आवाज त्यांनी साधाच ठेवला.

"फोटो सापडत नाही. निकालाच्या कागदावर निदान वर्णन तरी लिहून ठेवू. गौतम, तू सांग, काय काय होतं त्यात?"

गौतमने डोळे मिटले. "धुकं. सायकल. दहा-बारा संत्री. उजव्या कडेला मैलाचा दगड, अर्धा कापलेला."

"तुम्ही, यशवंतराव?"

"तेच. सायकल, संत्री. नालीपाशी पांढरं कुत्रं उभं. काही दम नव्हता फोटोत. कायले एवढा घोर करून राहिल्या तुमी?"

अलकाताईंनी तेही लिहून घेतलं. मग पेटी उघडून सत्तावीस नंबरचं पाकीट काढलं. आतलं नाव वाचलं आणि बाहेर जाऊन दोन फोन केले.

वीस मिनिटांनी त्या परत आल्या तेव्हा दोघंही जागेवरच होते.

"चाक धूसर होतं, कारण ते फिरत होतं," त्या म्हणाल्या. "धडक झाल्यावर चाक किती वेळ फिरणार? त्या सकाळी साडेसातला ज्याने खबर दिली, त्याने सायकल उचलून बाभळीला टेकवली होती. मी काढलेल्या फोटोंत ती तशीच आहे. म्हणजे हा फोटो त्याच्याही आधीचा. काढणारं माणूस त्या गाडीतूनच उतरलं होतं."

त्या यशवंतरावांकडे वळल्या.

"गौतमने फोटोत काय होतं ते सांगितलं. तुम्ही रस्त्यावर काय होतं ते सांगितलं, यशवंतराव. फोटोत कुत्रं नव्हतं. मी तिथं पोचले तेव्हाही नव्हतं."

"मले वाटलं असन. वय झालं आता."

"पाकीट मी उघडलंय."

यशवंतरावांनी चष्मा काढला. नाव कोणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. त्या सकाळी गाडीत कॅमेरा कोणाच्या हातात होता ते त्यांना ठाऊकच होतं.

दार ढकलून श्रुती आत आली. यशवंतरावांची मुलगी, बावीस वर्षांची. पहिला फोन तिलाच गेला होता. तिने कॅमेऱ्याचं कार्ड गौतमला दिलं. लॅपटॉपवर न कापलेला पूर्ण फोटो उघडला. डावीकडे पांढरं कुत्रं, नालीकडे तोंड करून. आणि नालीतून मनगटापर्यंत वर आलेला एक हात.

"जामसावळीला साखरपुड्याचे फोटो काढाले जाऊन राहिलो होतो," श्रुती म्हणाली. "धडक झाली. बाबांनी गाडी थांबवली, आमी दोघंही उतरलो. कॅमेरा गळ्यातच होता. बटन दाबल्या गेलं. मंग तो हात दिसला. मी म्हटलं, बाबा, उचलू त्याले. बाबा म्हणे, बस गाडीत."

"मग?"

"बसली मी."

"हात का कापलास फोटोतून?"

"ठेवायची हिंमत नाही झाली. बापाचं नाव तोंडातून निघेच ना, ताई. त्याच्या मयताचे फोटो तुमीच काढले हे माहीत होतं. वाटलं, तुमी वळखान."

यशवंतरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून चार घड्या घातलेला फोटो काढून टेबलावर ठेवला.

"हिचं नाव येऊ देऊ नका, अलकाताई. गाडी मी चालवत होतो. फोटोही मीच काढला म्हणून लिहा."

"बाबा, मी पण होती तिथं," श्रुती म्हणाली.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. दुसरा फोन ठाण्यात गेला होता. दोन शिपायांनी यशवंतरावांना मधे घेऊन पायऱ्या उतरवल्या. श्रुती दारात अडखळली.

"ताई, डॉक्टर काय म्हणे? लगेच गेला ना तो?"

हो म्हणणं सोपं होतं. अलकाताईंना क्षणभर तसं म्हणावंसंही वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तासभर जिवंत होता."

श्रुतीने मान हलवली. मग खाली उतरून ती जीपमध्ये बापाच्या शेजारी जाऊन बसली.