हस्तपूरक

हेमांगीच्या प्रत्येक चित्राला तीन सॉफ्टवेअर लागत. पहिल्यात ती कच्चं रेखाटन करी, दुसऱ्यात सपाट रंग भरी आणि तिसऱ्यात तैलरंगाचा कुंचला निवडून छाया-प्रकाश चढवी. प्रत्येक पायरी वेगळ्या थरावर, काचेवर काच ठेवावी तशी. या तिन्हींच्या तळाशी चौथं एक चाले, ते पडद्यावर दिसत नसे. त्याचं नाव हस्तपूरक.

हाताला सवय असते आणि सवयीचं गणित मांडता येतं, एवढ्याच तत्त्वावर ते उभं होतं. चित्रकाराची जुनी चित्रं त्याला दिली, की हात कुठे दाबतो, कुठे उचलतो, गालाची रेघ कुठे वळवतो, हे ते शिकून घेई. मग पेन टेकायचा अवकाश, रेघ कुठे जाणार हे ओळखून ते तिला तिकडे नेई. डोळ्याला पत्ताही लागत नसे. मुळात ते थरथरत्या हातांसाठी बनवलं होतं. हेमांगीला विस्मृतीचा आजार जडल्यावर डॉ. शबनम मुल्लांनी तिची तीस वर्षांची चित्रं शिकवून ते वेंगुर्ल्याच्या घरी बसवून दिलं.

कपाचा कान कसा धरायचा हेही ती विसरली. पण सकाळी पडद्यासमोर बसली, की जेवणवेळेपर्यंत जयवंतचा, तिच्या नवऱ्याचा, चेहरा तयार होई. किंचित कललेलं नाक, डाव्या भुवईतली खोक, सगळं जागच्या जागी. चेहरा मात्र चाळिशीतला.

"नाव नाही आठवत तिला माझं," जयवंत आल्यागेल्याला सांगे, "पण मी आहे अजून आत कुठेतरी."

सहा महिन्यांनी डॉक्टर तपासायला आल्या, तेव्हा त्याने सहज विचारलं, "यातल्या तिच्या रेघा किती आणि यंत्राच्या किती, कळतं का हो?"

"कळतं. पण काका, कशाला ते?"

"दाखवा."

डॉक्टरांनी नाइलाजाने यंत्राच्या रेघा बाजूला काढल्या. पडद्यावर शर्टाची कॉलर उरली, दोन बटणं, गळ्याची एक रेघ. वर चेहऱ्याच्या जागी नुसता गिरगोटा.

"कधीपासून?"

"मार्चपासून."

"मग रोजचा हा चेहरा?"

"तिने आयुष्यभर सर्वांत जास्त तुम्हालाच काढलंय. हात वर गेला की यंत्र तुम्हालाच गृहीत धरतं."

जयवंत म्हणाला, "म्हणजे मी तिच्या लक्षात नाही. त्याच्या लक्षात आहे."

"बंद करायचं की ठेवायचं, तुम्ही ठरवा," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "बंद केलं तर ती कदाचित पेन हातातच घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने हस्तपूरक बंद केलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. तिने कॉलर काढली, बटणं काढली. मग पेन अधांतरी थांबलं. तिने पुन्हा पुन्हा रेघ ओढली, पुसली. कपाळावर घाम आला, डोळे भरले.

"येत नाही," ती म्हणाली. लग्नाआधीपासून त्याला 'अरे जयू' म्हणणाऱ्या हेमांगीने त्याच्याकडे पाहून विचारलं, "तुम्ही पाहिलंय का माझ्या नवऱ्याला? कसा दिसतो?"

"पाहिलंय," जयवंत म्हणाला. "नाक थोडं कललेलं आहे बघा. इथे भुवईत खोक." त्याने आपल्याच चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवलं. ती त्या बोटाकडे पाहत राहिली. मग पेन टाकून हुंदके देऊ लागली.

ते त्याला बघवेना. त्याने उठून हस्तपूरक चालू केलं आणि पेन पुन्हा तिच्या हातात दिलं.

रेघा धावू लागल्या. कपाळ, नाक, भुवई. रंग चढले, गालावर उजेड पडला. हेमांगीचा चेहरा हळूहळू निवळला. तिने काचेवर हात फिरवला आणि हसली.

"आला," ती म्हणाली. मग जयवंतकडे वळून, पाहुण्याला सांगावं तसं आदराने, "बराच वेळ बसलात हो माझ्यासाठी. आता तुम्ही निघालात तरी चालेल."