खिंडीत ठेवलेला घास

सकाळी नऊच्या सुमाराला बबन आन् त्याचा पोरगा परीक्षित गावच्या एकुलत्या एक दुकानात शिरले. घ्यायचं काय, तर पायाच्या फोडांवर लावायच्या पट्ट्या आन् पान्याच्या दोन बाटल्या. दुकानदारीन हसून कायतरी बोलली, परीक्षितनं इंग्रजीत थँक्यू म्हनलं, झालं. एवढीच सकाळ धड गेली.

गाव वेल्समदलं. आता जावळीच्या खोऱ्यातला मानूस वेल्समदी काय करत व्हता, ते आधी ऐका, मंग फुडचं.

बबन साठीला टेकलेला. जल्म समदा गुरांमागं डोंगरात गेला. शाळा चौथीत सुटली, राग मातूर कवाच सुटला न्हाई. पोरगा शिकला, केंब्रिजला लॅबमदी नोकरीला लागला, तितंच लगीन करून ऱ्हायला. गेल्या साली बबनची बायको कांताबाई गेली. परीक्षितचं तिकडनं यायचं इमान चुकलं, आला तवा चिता विझली व्हती. त्या दिसापासनं बाप लेकाशी कामापुरतंच बोलायचा. मंग पोरानंच बापाला तीन म्हयन्यासाठी आपल्याकडं आनला आन् म्हनला, "आप्पा, वेल्समध्ये एक जुनी वाट आहे. शेकडो वर्षं लोक पायी जातात, शेवटी समुद्रात संतांचं बेट आहे. आठ दिवस चालू. आईच्या नावानं."

सून ऋचा म्हनली, "जा दोघं. भांडा नाहीतर बोला, पण घरी मोकळे होऊन या."

चार दिस बरे गेले. पाचव्या दिशी, दुकानातनं निघून अर्धा तास झाला आसंल, वाट फुटली. लाकडी खांबाला दोन फळ्या. एक डोंगराकडं, एक समुद्राकडं. दोन्ही वाटा चार तासानं एकाच गावात, देवळापाशी मिळायच्या. तितलं देऊळ म्हंजी चर्च.

"खालून जाऊ," परीक्षित फोन बघत म्हनला. "वर फॉग येणार आहे. फोरकास्टमध्ये स्पष्ट लिहिलंय."

"फोनला काय कळतंय डोंगरातलं? वरनं जायाचं."

"आप्पा, प्लीज. कोस्टल पाथ सेफ आहे, सगळे तिकडूनच जातात."

"समदी म्हंजी मेंढरं."

खरी गोष्ट निराळीच. बबनला समुद्राचं भ्या वाटायचं. कड्याच्या कडंनं वाट, खाली ते काळं पानी दगडावर डोकं आपटतंय, ते बघून कालच त्याचं पाय लटपटलं व्हतं. पर लेकापाशी ते बोलायचं कसं? भ्यालेला मानूस रागावतो, दुसरं काय करनार.

"दर वेळी तुमचंच ऐकायचं का?" पोरगा म्हनला.

"कवा ऐकलंस? एकदा तरी? आई मरायला टेकली तवा ये म्हनलो, आलास?"

परीक्षितनं पाठीवरची पिशवी सारखी केली आन् समुद्राच्या वाटंला लागला. दहा पावलं गेल्यावर वळून म्हनला, "देवळापाशी थांबतो. सावकाश या."

बबन थुकला आन् डोंगराला लागला.

धुकं खरंच आलं. अर्ध्या डोंगरावर आसतानाच वरनं खाली उतरलं, गोधडी सोडावी तसं. अकरा वाजून गेलं व्हतं, पर उजेड कसा, तर राखंच्या पान्यागत. मेंढरांचं आवाज बंद झालं. वाराबी पडला. बुटाखाली दगड वाजायचा तेवढाच आवाज, आन् तोबी लगेच धुक्यात बुडायचा.

खिंडीत पोचला तवा एक पडकं घर लागलं. घर कसलं, दगडाच्या चार भिती, छपार न्हाई, आत गुडघाभर गवत. तितं ओल्या लोकरीचा वास येत व्हता, आन् विझलेल्या चुलीचा. बबन भितीच्या आडोशाला बसला. ऋचानं डब्यात धपाटं आन् लसनाची चटनी दिली व्हती.

आता त्यांच्या खोऱ्यात एक रीत हाय. खिंडीत नायतर शिवंवर कुनी भाकर सोडली, तर पयला घास तोडून दगडावर ठेवायचा. तितं जो कोन राखनदार आसंल त्याचा. आन् म्हनायचं, "खा आन् हितंच ऱ्हा." बबनच्या बापानं त्याला सात वर्साचा आसताना कानफटीत मारून शिकवलं व्हतं. पयल्या अर्ध्यानं त्याला बोलवायचं, दुसऱ्या अर्ध्यानं बांधायचं. नुसतं बोलवून उठायचं न्हाई.

परका मुलूख आसला तरी हाताला सवय. बबननं घास तोडला, दगडावर ठेवला. डोक्यात मातूर पोरगंच घुमत व्हतं. रागाच्या भरात तोंडातनं निघालं, "खा. पोटचं पोरगं तर आलं न्हाई. तू तरी चल संगं."

आन् जेवला, डबा बांधला, उठला.

शंभरेक पावलं गेला आसंल. मागं दगड वाजला.

मेंढरू आसंल, त्यानं मनाशी म्हनलं. चार पावलं टाकली, मागं चार वाजली. थांबला... एक पाऊल जास्तीचं वाजलं, मंग थांबलं.

"कोन हाय?" बबन म्हनला. मंग इंग्रजीत बी म्हनला, "हॅलो."

काय न्हाई. धुकं.

वाटंत मेंढरांसाठी केलेलं लोखंडी फाटक आलं. तितं पाटीच आसती, फाटक लावून घ्या म्हनून. बबन पार झाला, कडी लावली, निघाला. वीस पावलांवर मागं कडी वाजली. फाटक कुरकुरत उघडलं... आन् सावकाश, नीट, परत लागलं. कडी बसल्याचा आवाज आला.

जनावर कडी लावत न्हाई.

बबननं पाय उचलला. मागच्यानंबी उचलला. आता वास आला, तोच, ओली लोकर आन् थंड चूल, आन् तो मागनं न्हाई, खांद्याजवळनं येत व्हता. कुनीतरी खोकलं. घशात लई वर्सं आवाज पडून ऱ्हायल्यासारखं खोकलं.

तवा त्याला आपन काय बोललो ते ध्यानात आलं.

"हितंच ऱ्हा," तो म्हनला. "खाल्लंस ना... हितंच ऱ्हा... हितंच ऱ्हा."

पावलं थांबली. बबननं दहापतूर मोजलं, पाऊल टाकलं. मागं पाऊल पडलं.

बापानं आनखी एक सांगितलं व्हतं. बोलवलेलं हात हलवत माघारी जात न्हाई. त्याला संगत लागती. आपली सोडवायची तर दुसऱ्याची दाखवावी लागती. बापानं हे सांगून लगेच म्हनलं व्हतं, पर आसलं पाप कुनी करू नये.

खांद्यावर हात पडला. जड न्हाई, आंधळा मानूस रस्ता वलांडताना धरतो तसा.

आन् बबन बोलला. त्या जागी तुमी आसता तर काय बोलला आसता, देव जाने. तो बोलला, "माझ्या मागं नको... खालच्या वाटंनं माझं पोरगं चाललंय... त्याच्या संगं जा."

हात उठला.

क्षनभर कायबी न्हाई. मंग डाव्या अंगाला, उतारावर, समुद्राच्या बाजूला दगड घरंगळला. मंग दुसरा. मंग धाव ऐकू आली. आनंदानं पळत सुटल्यागत धाव, खाली, खाली, आन् बंद.

बबन तितंच उभा ऱ्हायला. अंग हलकं झालं व्हतं, आन् त्या हलकेपनाचीच त्याला शिसारी आली. आपन काय केलं हे त्याच्या डोक्यात सावकाश शिरलं. मंग तो किंचाळला, "परीक्षित." आन् वाट सोडून उतारावर पळाला. पडला, उठला, गुडघा फुटला. फोन काढला तर रेंज न्हाई. "मला धर, मी हाय हितं, मला धर," असं ओरडत म्हातारा उतरला. कुनी धरलं न्हाई.

धुक्यातनं खाली आला तर लख्ख ऊन. निळा समुद्र, पांढरं गाव, दगडी चर्च. चर्चच्या कुंपनावर परीक्षित बसला व्हता. पाय हलवत.

बबननं जाऊन त्याचं तोंड दोन्ही हातात धरलं. ऊन लागलेलं, गरम. कपाळावर लहानपनीच्या पडन्याचा वन तिथल्या तितं. नाक कांताबाईचं. सावली पडलेली.

"आलात आप्पा?" पोरगा म्हनला.

"बरा हायेस?"

"बरा आहे."

"वाटंत कोन... कोन भेटलं का?"

"नाही."

बबन मटकन खाली बसला आन् रडला. बायको गेली तवा रडला नव्हता, ते समदं आता आलं. "चुकलं माझं," म्हनला. "तू आला न्हाईस त्यात तुझा काय दोष? मी उगा तुला डागलं, वर्सभर डागलं."

"तुमचं बरोबर होतं," परीक्षित म्हनला. "तुम्ही म्हणता तेच बरोबर."

बबन रडता रडता थांबला.

पस्तीस वर्सात ह्या पोरानं असं कवा म्हनलं नव्हतं. दूध प्यायचं का, ह्यावरनंबी वाद घालनारं पोरगं ते.

"गुडघ्याचं रगत बघ की," बबन म्हनला. "काय झालं, इचारनार न्हाईस?"

"सांगा ना."

"उद्या कंच्या वाटंनं जायाचं? परत फुटतीया म्हनत व्हतास."

"तुम्ही म्हणाल तिकडून."

"फॉग आसला तर? तुझा फोन काय म्हनतोय?"

"तुम्ही म्हणाल तसं, आप्पा."

बबननं मुद्दाम म्हनलं, "भाड्या, अकलंचा कांदा हायेस तू. चार बुकं शिकून वाया गेलास." ह्यावर आजवर भांडान झाल्याबिगर ऱ्हायलं नव्हतं. पोरगा गोड हसला. मंग बबन हळूच म्हनला, "मला वाटतंय, बेटावर होडीनं नको. पान्यातनं चालतच जाऊ. तू फुडं हो."

"चला की," परीक्षित म्हनला, आन् खरंच उठला.

"बस खाली," बबन कसाबसा म्हनला. तो बसला.

तेवढ्यात चर्चची किल्ली घेऊन एक म्हातारी आली. नव्वदीची आसंल, काठी टेकत. दोघांकडं बघून ती तिच्या भाषंत, वेल्शमदी, कायतरी बोलली. सवयीनं बोलली, जवाबाची आस नसताना.

परीक्षितनं तिच्याच भाषंत जवाब दिला.

नुसतं थँक्यू न्हाई, एखाददुसरा शब्द बी न्हाई. बोलतच ऱ्हायला, घशातनं, सावकाश, डोंगराकडं हात करून कायतरी इचारत ऱ्हायला. चार दिसात ज्याला दुकानाची पाटी वाचता आली नव्हती, तो. म्हातारीची काठी थांबली. आधी ती हसत व्हती, मंग हसू गेलं. तिनं एक सवाल केला. पोरानं थोडक्यात उत्तर दिलं आन् बबनकडं बोट केलं.

म्हातारी बबनकडं वळली. इंग्रजीत बोलली, एकेक शब्द सुटा करून. लेकाकडं ऱ्हाऊन बबनला इंग्रजी अर्धीमुर्धी कळाय लागली व्हती, पर हे समदं कळलं.

"हा तुमचा कोण?"

"सन," बबन म्हनला. "माय सन."

"असं बोलणं मी फक्त माझ्या पणजीच्या तोंडून ऐकलंय. आता कुणीच असं बोलत नाही." तिनं किल्ली मुठीत घट्ट धरली. "खिंडीतल्या घरात आता कोण राहतं, असं विचारतोय. माझ्या पणजीच्या लहानपणीही तिथं कुणी राहत नव्हतं."

बबननं मागं वळून डोंगराकडं बघितलं.

"मी त्याला नाव विचारलं," म्हातारी म्हनली. "तो म्हणाला, वडील सांगतील."

परीक्षित कुंपनावरनं उतरून बबनसमोर येऊन उभा ऱ्हायला व्हता. हात बांधून, मान जराशी वाकडी करून, कांताबाईच्याच डोळ्यांनी बापाच्या तोंडाकडं बघत. नाव ऐकायला.