सांबप्पाचा तीन दिवसांचा उपास

"वीस वर्षं ज्याला एकनिष्ठ म्हटलं, त्यानंच चिठ्ठी विकली!" बसवंतराव म्हणाले.

१९४७चा हिवाळा. चारठाण्याचे हे कापडव्यापारी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांना गुपचूप मदत करीत. त्या माणसांच्या नावांची चिठ्ठी पोलिसांची झडती आली त्याच सकाळी नाहीशी झाली होती. खाजगी तपास करणारे माणिकराव मित्र बन्सीधरसह परभणीहून आले होते.

"चिठ्ठी कुणी पाहिली होती?" माणिकरावांनी विचारलं.

"लिहिली मी, ठेवली आमच्या जुन्या नोकरानं, सांबप्पानं. नावं किती, हेही तिसऱ्याला ठाऊक नाही."

"अटक?"

"अजून कुणालाच नाही."

माणिकरावांनी गुमास्ता राधाकिशनला बोलावलं. "एकनिष्ठ म्हणजे काय हो?"

"मालकाची पाठ न सोडणारा. मी सोडतच नाही. आता त्यांच्या हुकमानं म्हाताऱ्यावर पहारा देतोय, क्षणभर नजर हटवली नाही. सतरा जणांच्या जिवाशी खेळलाय तो!"

बसवंतरावांची पत्नी भागम्मा म्हणाली, "शबुद कशाला इचारता, भाऊ? म्हातारा तीन दिस उपाशी हाय. लिंगपूजेला पानी-बेल देते, तसंच परत येतंय. मालक म्हनत्यात, पाप खायलंय त्याला."

कोठीत सांबप्पा बसला होता. ओठ फुटलेले, हात गळ्यातल्या चांदीच्या डबीवर.

"काका, घोटभर पाणी घ्या," बन्सीधर म्हणाला.

"पूजा न्हाई झाली."

"मग करा की!"

सांबप्पानं दारातल्या राधाकिशनकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

"गुन्हा तोंडावर दिसतोय," बन्सीधर कुजबुजला.

माणिकरावांनी सगळ्यांना बोलावलं. "चिठ्ठी विकली असती तर अटका झाल्या असत्या. ती इथंच आहे. झडतीतही ज्याला कुणी हात लावणार नाही अशी एकच जागा, काकांच्या गळ्यातली लिंगाची डबी. पूजेशिवाय काका अन्नपाणी घेत नाहीत. पूजेला डबी उघडावी लागते. उघडली की पहारेकऱ्याला चिठ्ठी दिसणार. म्हणून ते उपाशी राहिले. घरातलाच कुणी फुटलाय, एवढं त्यांना कळलं होतं. कोण ते कळलं नव्हतं. राधाकिशन, सतरा आकडा तुम्हाला कुणी सांगितला?"

राधाकिशनचा चेहरा उतरला. "चोरून मोजली... नावं टिपायला वेळ मिळाला नाही, म्हणून पोलिसांना खबर दिली." बन्सीधरनं त्याला बाहेर नेलं.

"सांबप्पा, मला तरी सांगायचं!" बसवंतराव म्हणाले.

"तुमी एकटे गावलाच न्हाईत, मालक."

"आता पूजा करा, काका," म्हणत माणिकरावांनी पाठ फिरवली. सगळ्यांनी फिरवली. पाण्याचा, मग मंत्राचा बारीक आवाज आला. बऱ्याच वेळानं सांबप्पानं चिठ्ठी पुढं केली.

बसवंतरावांनी ती न उघडताच चुलीत टाकली. मग तांब्या आपल्या हातानं भरून आणला. सांबप्पाचं पाणी पिऊन होईपर्यंत त्या घरात कुणीही बसलं नाही.